सुमन, तुझा नारायण सापडला

सुमन, परवा बाळाचं बारसं झालं. नाव काय ठेवलं ते मी तुला सगळ्यांत शेवटी सांगणार आहे. आधी सांगितलं तर पुढचं तू ऐकायचीच नाहीस. गोष्टीचा शेवट कळला की उठून चहा टाकायला जायची तुझी जन्माची खोड, ती काय मला ठाऊक नाही होय?

उमरेडहून भाऊजींचा फोन आला तेव्हा मी बाळाला तेल लावत होते. तुझा नवरा एरवीही फोनवर मोजकंच बोलतो, त्या दिवशी दोनच शब्द बोलला. "सुमन गेली." मी तेलकट हातात फोन धरून उभी, आणि माझ्या तोंडून काय निघालं असेल? "अशी कशी गेली? आमचं अजून ठरायचं होतं!" माझी सून ऋचा माझ्याकडे बघतच राहिली. तिला वाटलं, सासूच्या डोक्यावर परिणाम झाला. पण खरं सांगते, मला पहिल्यांदा दुःख झालंच नाही, राग आला. भांडण अर्ध्यावर टाकून उठून जायचं, हा कुठला न्याय वं?

भांडण होतं माझ्या नातवाच्या नावाचं. माझं म्हणणं माधव, तुझं म्हणणं नारायण. दोन्ही एकाच देवाची नावं. त्या देवालाही कळलं नसेल, या दोघी कशापायी एकमेकींचं डोकं खाऊन राहिल्या आहेत. मुलगी झाली तर जानकी, हे आपलं एका चहात ठरलं होतं. घोडं अडलं ते मुलापाशी, आणि झाला मुलगाच. वेळेआधी आला, एवढासा आला, दवाखान्यातल्या काचेच्या पेटीत राहून मग घरी आला. वजन भरेपर्यंत घरात गर्दी नको, असं डॉक्टरांनी बजावलं. म्हणून बाराव्या दिवसाचं बारसं लांबलं आणि आपल्याला भांडायला मोकळं रान मिळालं.

जुनं नाव पाहिजे हा हट्ट मात्र पोरांचाच बरं का. मला वाटलं होतं, अभय आणि ऋचा मोबाइलमधून काहीतरी असं शोधून काढतील की ते घेता घेता माझी जीभ चावली जाईल. तर अभय म्हणाला, "आई, साधं, जुनं, सगळ्यांना माहीत असलेलं नाव पाहिजे." ऋचाच्या आईनं तरी 'कियांश' सुचवून पाहिलं. तू तिथल्या तिथं म्हणालीस, "विहीणबाई, कियांश नावाचा एखादा सत्तर वर्षांचा म्हातारा आणून दाखवा मले. मी त्याले विचारते, नाव कसं चालून राहिलं ते. मग ठेवू." त्या बिचाऱ्या ओशाळून हसल्या. त्यांना काय माहीत, तू थट्टा करत नव्हतीस.

तुझी ती पद्धतच होती. लोक नावाचा अर्थ बघतात, रास बघतात, आद्याक्षर बघतात. तू ते नाव वापरलेला माणूस बघायचीस. "सेकंडहँड गाडी घेताना मालकाले विचारतो न आपण, ॲव्हरेज किती देते, चढावर दम तर नाही टाकत? पोराले तर जन्मभर चालवायचं आहे ते नाव." असं म्हणून तू त्या नावाचा एखादा मोठा माणूस गाठायचीस आणि त्याला सरळ तोंडावर विचारायचीस. तू म्हणायचीस, जुन्या नावाचा हाच तर फायदा आहे, विचारायला माणूस मिळतो.

आमच्या अभयच्या वेळी तू उमरेडच्या शाळेतले अभय गुरुजी गाठले होतेस. ते म्हणे, "ताई, नाव अभय आहे, पण मले पालीचं लय भेव वाटते. तरी नाव ठेवा. भेव वाटलं की आठवते आपलं नाव काय आहे ते." तुला ते एवढं पटलं की तू एसटी पकडून लगोलग लकडगंजात आलीस आणि माझ्या बाळंतिणीच्या खोलीत उभं राहून जाहीर केलंस, अभय. मला तेव्हाही माधवच हवं होतं, सुमन. पण मी साताऱ्याकडची, लग्न होऊन नागपुरात आलेली, नवी सून. 'मले', 'तुले' ऐकून अजून बिचकत होते. आणि नाव ठेवायचा मान आत्याचा. मी गप्प बसले. पुढं अभय हे नाव मला इतकं आवडायला लागलं की दुसरं काही शोभलंच नसतं त्याला, पण हे मी तुला कधी कळू दिलं नाही. कळलं असतं तर तू घर डोक्यावर घेतलं असतंस.

अभयला बहीण नाही, तेव्हा बाळाला सख्खी आत्या नाही. मान याही वेळी तुझाच. फक्त या वेळी मी सून नव्हते, सासू होते. या वेळी मी हटणार नव्हते.

माझ्या माधवची तू काय दशा केलीस ते आठवतं का? नागपूरबाहेर वाडीला ह्यांच्या एका दोस्ताचं ट्रान्सपोर्टचं गोदाम आहे, ते माधवभाऊ सहज घरी आले होते. चहाचा कप तोंडाला लावतात न लावतात तोच तू सुरू झालीस.

"माधवभाऊ, इतकी वर्षं नाव वापरून राहिले तुम्ही. कसं आहे?"

"कसं म्हणजे?"

"म्हणजे काही त्रास वगैरे?"

त्यांनी कप खाली ठेवला. बिचारा भला माणूस, मनापासून विचार करायला लागला. "त्रास असा नाही ताई. पण वर्गात माधव लय होते. गोरा माधव, घाऱ्या डोळ्याचा माधव, असे. मी काळा माधव. अजूनही शाळेतले दोस्त फोन करतात न, तर माझी बायको फोन उचलून म्हणते, अहो, काळा माधव आहे का विचारून राहिले."

तू माझ्याकडे असं बघितलंस की मला तुझा गळा धरावासा वाटला. ते गेल्यावर म्हणालीस, "पाह्य. चिल्लर नाव आहे. सगळ्याच्याच खिशात." मी म्हटलं, चिल्लर असली म्हणून काय झालं, रोज लागते ती चिल्लरच. तू म्हणालीस, "वहिनी, तू वकील व्हायले पाहिजे होती वं." आणि माझ्याच डब्यातली कोथिंबिरीची सांबारवडी, तीही शेवटची, उचलून तोंडात टाकलीस.

मग मी विचारलं, तुझा नारायण कुठं आहे? त्याला कोणी विचारलं?

"मी पाहून घेतला. पास आहे तो."

"कोण?"

"आहे एक."

"काय म्हणाला?"

"बारशाच्या दिवशी सांगीन."

मी खनपटीलाच बसले. तू हूं की चूं केलं नाहीस. एवढी बडबडी बाई, जिच्या पोटात लग्नाच्या पत्रिकेची तारीखसुद्धा राहत नसे, ती एका नारायणाबद्दल तोंड शिवून बसली. मला रात्रंदिवस कोडं पडलं. कोण असेल? लग्नाआधीचा कोणी? हसू नकोस, ते पण मनात येऊन गेलं माझ्या.

आपली शेवटची भेट मला वारंवार आठवते. बाळ तुझ्या मांडीवर होतं. तू त्याच्या कानाजवळ जाऊन अगदी हळू, "काय गा नारायण?" म्हणालीस. मी दुसऱ्या बाजूनं, "माधवा, ए माधवा." त्यानं दोघींकडे दुर्लक्ष करून एवढी मोठी जांभई दिली. ऋचा हसून हसून लाल झाली. तू बसच्या वेळेला उठलीस, चपला घातल्यास आणि जिन्यावरून ओरडलीस, "अजून एखादा माधव शोधून ठेव, मी येते पुढच्या हप्त्यात." मी म्हटलं, ये तर खरी. याच्यापुढं आपण काही बोललो नाही. काही छान बोललो असतो तर आज सांगायला बरं वाटलं असतं, पण आपण कधी तसलं बोललोच नाही.

तू गेल्यावर घरात काय झालं ते ऐक. तिसऱ्या दिवशी अभय डोळे पुसत म्हणाला, "ठरलं. आत्याचंच नाव ठेवायचं. नारायण." ऋचा हो म्हणाली. तुझा भाऊ तर भिंतीकडे तोंड करून बसला होता, त्यानं मान हलवली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि मी म्हटलं, "नाही."

बाप रे, काय झालं म्हणतेस घरात! "आता तरी हट्ट सोड," हे म्हणाले. इतक्या वर्षांत ह्यांनी माझ्यावर आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी चढवला. "माझी बहीण गेली आणि तुझं भांडण चालूच आहे?" मी काय सांगू त्यांना? माझं भांडण चालूच होतं, हे खरंच होतं. तू जिवंत असताना जे मला पटलं नाही ते तू मेलीस म्हणून पटलं असं म्हटलं, तर तो तुझा अपमान नाही का? आणि त्या लेकराचं काय? जन्मभर कोणी विचारलं की त्यानं सांगायचं, माझी आत्याआजी मेली, सगळे रडले, म्हणून माझं नाव नारायण. असलं ओझं कशाला त्याच्या डोक्यावर? मी एवढंच म्हटलं, "तिनं हे नाव का धरलं होतं ते मला कळू दे. पटलं तर ठेवू. बारशापर्यंत मला वेळ द्या." मग स्वयंपाकघरात गेले आणि कांदा नसताना रडले.

मला कोणीही कठोर म्हणो, पण मला तो नारायण पाहिजे होता. ती माझी तुझ्याशी शेवटची बोलणी होती.

तेरवीला उमरेडला आले तेव्हा भाऊजींना एका बाजूला घेऊन विचारलं. तुमच्या घराण्यात कोणी नारायण? नाही. शेजारीपाजारी? नाही. तुझ्या शाळेत, तुझ्या भजनीमंडळात? मग भाऊजीच म्हणाले, "वहिनी, ती दिघोरीले उतरायची न, ते नारायणराव? मले तर वाटलं ते तुमच्याच ओळखीचे आहेत."

दिघोरी नाका, उमरेडहून येताना वाटेवरचा! म्हणजे तू सरळ लकडगंजात येतच नव्हतीस. "बस लेट झाली वं," "ड्रायव्हर नवा होता वं," म्हणून दर वेळी उशिरा उगवायचीस ती अशी. आणि मी वेडी तुझ्यासाठी पोळ्या झाकून ठेवून एसटीला शिव्या घालत बसायचे.

दुसऱ्याच आठवड्यात मी दिघोरीला गेले. ह्यांना सांगितलं, दवाखान्यात जाऊन येते. नाक्यावर उतरले खरी, पण पुढं काय? एवढ्या मोठ्या वस्तीत नुसत्या नारायण नावावर माणूस कसा शोधणार? एका पानठेल्यावर जाऊन लाजत लाजत विचारलं, इथं नारायणराव म्हणून कोणी म्हातारे गृहस्थ राहतात का? पानवाल्यानं कात लावता लावता माझ्याकडे न बघताच विचारलं, "कोणते? ज्याइले एक बाई रस्त्यावरून आवाज देते, ते?"

मी म्हटलं, हो. तेच.

जाळीचं फाटक, आत पेरूचं झाड, भिंतीवर पाटी. पाटीवर आडनावाच्या वर ठसठशीत अक्षरांत 'नारायण'. बसच्या खिडकीतूनसुद्धा दिसेल अशी. ओट्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत एक कृश म्हातारे बसले होते, पायजमा, बनियन, गुडघ्याला पट्टा. मी फाटकाशी घुटमळले आणि म्हटलं, "नमस्कार. मी उमरेडच्या सुमनची वहिनी."

ते खुर्चीतून उठायला लागले. "म्हणजे तुम्ही शालू?"

सुमन, मी फाटक उघडायचंच विसरले.

शालू हे माझं माहेरचं नाव. चारचौघांत तू मला वहिनी म्हणायचीस आणि आपण दोघीच असलो की शालू. तुला ते कसं कळलं होतं तेसुद्धा आठवत नाही आता, बहुतेक माझ्या आईनं एकदा हाक मारलेली ऐकली असशील. बाकी मी कोण? ह्यांची 'अगं ऐकतेस का'. अभयची आई. ऋचाच्या 'अहो आई'. बिल्डिंगमधल्या काकू. आणि आता आजी. आई गेल्यावर मला शालू म्हणणारी तू एकटी उरली होतीस, आणि तू गेल्यावर हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. एक परका माणूस मला त्या नावानं ओळखत होता.

मला बसवून, सुनेला पाणी आणायला सांगून ते बोलायला लागले. "तुम्हाले सांगतो काय झालं ते. मी आत पेपर वाचून राहिलो होतो. बाहेरून आवाज आला, नारायण! ए नारायण! मी चप्पल न घालता फाटकापर्यंत धावत गेलो. या पायानं. काहून धावलो, मलेच नाही समजलं. पाहतो तर अनोळखी बाई. मग मी चिडलो. म्हटलं, बाई, ओळख ना पाळख, एवढ्या मोठ्या माणसाले असं अरेतुरे करता? तर म्हणते कशी, रागावू नका भाऊ, नावाची ट्रायल घेऊन राहिली."

"मग?"

"मग काय, फाटक उघडलं. चहा पाजला. तिनं विचारलं, नाव कसं आहे. मी म्हटलं, लहानपणी मोठं होत होतं. पोराले वाढत्या अंगाचा शर्ट घेतात न, तसं. पोट्टे नाऱ्या म्हणत, मले राग येई. नोकरी लागली, लग्न झालं, मग मापाचं झालं. चांगलं टिकलं. तक्रार नाही. मग तिनं विचारलं, शेवटचं तुम्हाले नारायण म्हणून आवाज कोणी दिला होता?" ते पेरूच्या झाडाकडे वळले. "मले आठवेचना. आईबाप गेले. आमच्या घरच्यांनी उखाण्यात घेतलं असेल तेवढंच, त्याही गेल्या. नाऱ्या म्हणणारे दोस्त गेले. आता बाबा म्हणतात, आजोबा म्हणतात, ऑफिसात साहेब म्हणत. नाव पाटीवर आहे फक्त. मी तिले तसं सांगितलं. तर म्हणाली, ठीक आहे, मी येता-जाता आवाज देत जाईन."

आणि तू खरंच जायचीस! दर खेपेला दिघोरीला उतरून, रस्त्यावर उभी राहून, तोंड भरून त्या म्हाताऱ्या माणसाला हाक मारायचीस आणि पुढची ऑटो पकडून माझ्याकडे यायचीस. त्यांची सून दारात उभी राहून ऐकत होती, ती म्हणाली, "आधी आम्हाले हसू ये. मग आम्हीच वाट पाहायले लागलो."

मी विचारलं, माझ्याबद्दल काय सांगितलं होतं तिनं?

नारायणराव हसले. "सांगितलं की माझी वहिनी आहे, तिले तिच्या नावानं बोलावणारी मी एकटीच उरली. म्हणाली, भाऊ, माणसाचं सगळं होते, लग्न होते, पोरं होतात, घर होते, पण नावानं बोलावणारं कोणी राहत नाही. मले असं नाव पाहिजे जे तोंड भरून घ्यावंसं वाटन. बोबडं करता नाही आलं पाहिजे, मोडून अर्धं नाही करता आलं पाहिजे. मी म्हटलं, मग हे माझं पाहा. तोंड पुरं उघडल्याशिवाय निघत नाही." मग म्हणाले, "तुमच्या माधवबद्दलही सांगितलं होतं. म्हणाली, शालू सोडायची नाही. आणि सोडलं तर मलेच करमणार नाही."

तेवढ्यात त्यांनी विचारलं, "पण आहेत कुठं त्या? बरेच दिवस झाले. बारसं आटोपलं काय? माझ्यावर रागावल्या तर नाहीत?"

त्यांना माहीत नव्हतं, सुमन. कोण सांगणार होतं? घरातल्या कोणालाच त्यांचा पत्ता माहीत नव्हता. मी इकडे तिकडे न करता सांगितलं. मी बोलताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. गुडघ्यावरचा पट्टा सोडला, पुन्हा बांधला. मग म्हणाले, "लहान होती न हो ती माझ्याहून." त्यांची सून आत निघून गेली. इतक्या दिवसांत मी पहिल्यांदा कोणाच्या तरी समोर मोकळेपणी रडले, आणि तेही कोणासमोर, तर तू बसच्या खिडकीतून शोधलेल्या माणसासमोर. ह्यांच्यासमोर नाही, अभयसमोर नाही. मला माझी लाजही वाटली आणि बरंही वाटलं.

निघताना मी फाटकाबाहेर आले. ते ओट्यावर उभे होते. मला कळत होतं त्यांना काय पाहिजे ते, पण ते मागणार नव्हते. मी साताऱ्याची, वडीलधाऱ्या माणसाला एकेरी हाक मारायची म्हणजे माझ्या अंगावर काटा. दोनदा तोंड उघडलं, मिटलं. शेवटी पुटपुटले, "नारायण." ते म्हणाले, "असं नाही. सुमनताई पार नाक्यापर्यंत ऐकू जाईल असा आवाज देत." मग मी पदर खोचला, इकडे तिकडे बघितलं आणि ओरडले, "नारायण! ए नारायण!" पानठेल्यावरची माणसं वळून बघायला लागली. म्हाताऱ्यानं तिथून खणखणीत "ओ!" दिली. आणि मी वळल्यावर मागून, "शालू, सांभाळून जा गं."

बसमध्ये बसल्यावर मी ते नाव तोंडातल्या तोंडात घोळवत आले. खरंच, तोंड उघडल्याशिवाय निघत नाही. माधव मला आजही आवडतं, हे लिहून ठेव. पण माधव मला आवडतं ते मी लग्नाआधीपासून मनात धरून ठेवलं होतं म्हणून. त्या लेकराचा त्यात काही संबंधच नव्हता. त्याच्यासाठी माणूस शोधत वणवण तू केलीस, मी फक्त अडून बसले होते. हे मला दिघोरी ते लकडगंज एवढ्या वाटेत कळलं.

घरी येऊन सगळ्यांना समोर बसवलं आणि नारायणरावांची गोष्ट सांगितली. ह्यांनी शेवटी एवढंच विचारलं, "मग तिला शालू म्हणू देत होतीस, मला का नाही सांगितलंस?" मी म्हटलं, तुम्ही विचारलंत कधी? ते उठून आत गेले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून, घसा साफ करून म्हणाले, "शालू, चहा." इतकं अवघडून की मला हसू फुटलं. अजून जमत नाही त्यांना, पण प्रयत्न चालू आहे.

परवा बारशाला ऋचा म्हणाली, आई, नाव तुम्हीच सांगा कानात. आत्याच्या जागी मी बसले. पाळणा फुलांनी सजवला होता, नारायणरावांना अभय गाडीतून घेऊन आला होता, भाऊजी कोपऱ्यात बसले होते. मी बाळाच्या कानाशी वाकले, कुर्र केलं आणि नाव सांगितलं. नाव सांगताना आत्याच्या पाठीत धपाटे घालायची आपली रीत, बिल्डिंगमधल्या बायकांनी सगळी हौस फेडून घेतली माझ्या पाठीवर. माझ्या डोळ्यांत पाणी बघून एक जण ओरडली, "अगं हळू मारा, काकूंना लागलं!"

नारायण ठेवलं, सुमन. तू गेलीस म्हणून नाही ठेवलं, मला पटलं म्हणून ठेवलं. तू समोर बसली असतीस तरी शेवटी मी हेच ठेवलं असतं. फक्त त्याआधी अजून महिनाभर तुझ्याशी भांडले असते, तुला आणखी दोन माधव दाखवले असते, आणि मग अगदी पाळण्यापाशी वाकताना तुझ्याकडे बघून माघार घेतली असती. तेव्हाचं तुझं तोंड मला बघायचं होतं. तेवढं तू मला बघू दिलं नाहीस, आणि ते मी तुला माफ करणार नाही.